गोळीचा आवाज आला तर: नव्यानं कामाला लागलेल्यांसाठी

गावात मला सगळे मेजर म्हणतात. हुद्दा हवालदाराचा होता, पण सातारा जिल्ह्यात पलटणीतनं पेन्शन घेऊन आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो, त्याला माझा इलाज नाही. पायदळात १९ वर्षं काढली. आता दवाखाने, कॉलेजं, सराफांची दुकानं आणि एमआयडीसीतल्या कंपन्यांना सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या एका एजन्सीत नवी पोरं तयार करतो. गोळीबार झाला तर काय करायचं, हा माझ्या शिकवणीतला एक तास असतो. तोच इथं लिहितोय. फक्त रक्षकांसाठी नाही. रिसेप्शनवर बसणारी मुलगी, पहिल्यांदाच लागलेला क्लार्क, नाइटला आलेली नवी नर्स, काउंटरमागचा सेल्समन, सगळ्यांसाठी.

पहिल्या दहा मिनिटांत कुणीतरी हमखास विचारतं, "मेजर, आपल्याकडं कुठं असलं काय होतंय?" खरं आहे. अमेरिकेत एखादा माणूस बंदूक घेऊन शाळेत किंवा बाजारात शिरतो आणि दिसेल त्याला मारत सुटतो, तसं इथं क्वचितच घडतं. पण गावठी कट्टा पकडल्याची बातमी आपल्या पेपरात नवी नाही. २०२३ च्या जूनमध्ये सांगली-मिरज रस्त्यावरच्या दागिन्यांच्या मोठ्या शोरूमवर भरदिवसा सशस्त्र दरोडा पडला. जमिनीच्या बांधावरनं, जुन्या वैरातनं, दारूच्या टेबलावरनं गोळ्या सुटतात, आणि सुटलेली गोळी शेजारी उभा असलेला माणूस कोण आहे ते विचारत नाही. तुम्ही आगीसाठी लाल नळकांडं भिंतीला टांगलंय ना? तेवढीच तयारी ह्याची ठेवा. त्याहून जास्त भीती बाळगायचं कारण नाही.

पहिल्या दिवशी: दारं मोजा

कामावर रुजू झाल्याच्या पहिल्या दिवशी चहा प्यायच्या आधी इमारतीला एक फेरी मारा. तुम्ही आत आलात ते दार सोडून बाहेर पडायची दारं किती? माणूस घाबरला की ज्या दारानं आला त्याच दाराकडं पळतो. आणि बंदूकवालाही बहुतेक वेळा त्याच दारानं येतो.

ही फेरी साहेबांबरोबर मारू नका, सफाईवाल्या मावशींबरोबर मारा. एका तीनमजली दवाखान्यात आम्ही सराव घेतला होता. अडीच-तीन डझन माणसं. मॅनेजर, डॉक्टर, लॅबवाले सगळे पुढच्या जिन्याकडं. मावशी एकट्या मागच्या बोळातनं बाहेर येऊन रस्त्याच्या पलीकडं टपरीपाशी उभ्या. कारण कचऱ्याची बादली घेऊन त्या रोज त्याच वाटेनं जातात. त्या बोळाचा पत्ता तिथं आठ वर्षं नोकरी केलेल्या अकाउंटंटला नव्हता.

त्याच सरावात दुसरी गोष्ट कळली. दुसऱ्या मजल्यावर मागच्या जिन्याला चॅनल गेट होतं. गेटला साखळी, साखळीला कुलूप. मी वॉर्डबॉयला विचारलं, किल्ली कुठं?
"आफिसात असतीया."
ऑफिसात गेलो. तिथल्या ताई म्हणाल्या, "ती व्हय? ती मालकांच्या गाडीत असती. मागं एकदा पेशंट बिल न देता त्या जिन्यानं गेला, तवापासनं."
मालक त्या दिवशी पुण्याला होते.

म्हणून फेरी मारताना डोळ्यांनी बघू नका, हातानं बघा. प्रत्येक दार उघडून पाहा. कडी जाते का, शटर गंजलंय का, मागच्या दारासमोर जुनी कपाटं आणि सलाइनचे खोके रचलेत का. गच्चीचं दार बहुतेक ठिकाणी पोरंपोरी वर जाऊन बसतात म्हणून बंद असतं. ते उघडं ठेवा असा माझा आग्रह नाही, कारण गच्चीवरनं पुढं कुठं जाणार? पण जमिनीवर उतरणाऱ्या दुसऱ्या जिन्याला कामाच्या वेळेत बाहेरनं कुलूप असता कामा नये. आतनं हातानं सरकणारी कडी ठेवा. मालक ऐकत नसतील तर लेखी द्या. आग लागली तर काय, असं म्हणून द्या. गोळीबार म्हटलं की लोक हसतात, आग म्हटलं की ऐकतात.

आणि एक खोली हेरून ठेवा, जिला आतनं कडी आहे, काच कमी आहे आणि भिंत खरी आहे. खरी म्हणजे काय ते पुढं सांगतो.

आवाज ओळखा, म्हणजे कानावर विश्वास ठेवा

आपल्याकडची सगळ्यात मोठी अडचण ही आहे की आपण बाराही महिने फटाके ऐकतो. लग्न, निवडणूक, वाढदिवस, गणपती, जत्रा. त्यात बुलेटच्या सायलेन्सरशी खेळ केलेली पोरं पोवई नाक्यावरनं ठाप ठाप करत जातात. त्यामुळं खरी गोळी वाजली तरी पहिला विचार येतो तो "कोण सुतळी बॉम्ब लावतंय रे?" हाच. यात लाजायचं काही नाही. २०१७ च्या १ ऑक्टोबरला अमेरिकेत लास वेगासला हॉटेलच्या ३२ व्या मजल्यावरनं खालच्या गर्दीवर गोळीबार झाला, तेव्हाही सुरुवातीला अनेकांना ते फटाकेच वाटले होते.

गोळीचा आवाज कोरडा आणि तुटक असतो. फटाक्याला आधी वातीची सरसर असते, नंतर धूर आणि वास असतो, भोवती पोरांचा गलका असतो. इमारतीच्या आत मात्र आवाज भिंतींवर आपटून फिरतो, त्यामुळं तो कुठनं आला ते कानाला कळत नाही. मग माणसांकडं बघा. फटाका वाजला की माणसं आवाजाकडं बघून हसतात किंवा शिव्या देतात. गोळी वाजली की माणसं आवाजापासून लांब पळत येतात.

शंका आली तर गोळी समजा. फटाका निघाला तर दोन दिवस चेष्टा होईल, तेवढंच. काय झालं ते बघायला जिन्यात जाणं, खिडकीत उभं राहून मोबाइलनं शूटिंग करणं, हे मात्र करू नका. मी पाहिलंय, टायर फुटला तरी अर्धं ऑफिस बाल्कनीत येतं.

मध्येच आवाज थांबला तर संपलं असं समजू नका. गोळ्या भरायला वेळ लागतो. पण तो थांबलेला क्षण जागा बदलायला चांगला असतो.

घाई कशासाठी, तेही सांगतो. अमेरिकेच्या एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेनं २००० ते २०१३ मधल्या अशा गोळीबाराच्या १६० घटनांचा अभ्यास केला. त्यातल्या ६३ घटनांमध्ये किती वेळ गेला ते नक्की कळलं होतं, आणि त्यातल्या ४४ पाच मिनिटांच्या आत संपल्या होत्या. २३ तर दोन मिनिटांच्या आत. पाच मिनिटांत कुठल्या पोलीस ठाण्यातनं कोण किती लांब पोहोचेल, हे तुम्हीच बघा. पोलीस येतात, पण पहिली मिनिटं तुमचीच असतात.

पळा

अमेरिकेत याला तीन शब्दांत बसवलंय: पळा, लपा, झुंजा. क्रम महत्त्वाचा आहे. इंग्लंडमध्ये तिसरा शब्द बदलून "कळवा" केलाय, म्हणजे पळा, लपा, पोलिसांना कळवा.

आपल्याकडं पळणं म्हटलं की पोरांच्या कपाळाला आठ्या पडतात. साताऱ्याचा गडी, आणि पळायचं? मी त्यांना सांगतो, हातात हत्यार नसेल तर मीसुद्धा पळणार, आणि तुमच्यापेक्षा जोरात. सिद्दीच्या वेढ्यातनं पन्हाळा सोडून विशाळगडाकडं निघालेल्या महाराजांना पळपुटं म्हणायची कुणाची छाती आहे का?

पळताना सामान घेऊ नका. डबा, पर्स, लॅपटॉप, चार्जरला लावलेला फोन, सगळं जागेवर. चप्पल निसटली तर तशीच सोडा. बरोबरच्यांना एकदा हाक मारा, हाताला धरून ओढा, पण "आधी काय झालं ते सांगा" म्हणून कुणी वाद घालत बसला तर त्याच्यासाठी थांबू नका. हे कठोर वाटतं. वाटू दे. लिफ्ट घेऊ नका. दार उघडेल तेव्हा समोर कोण असेल ते आपल्या हातात नसतं.

मोकळ्या मैदानात सरळ लांब पळण्यापेक्षा आधी कोपरा गाठा. एक कोपरा वळलात की त्याला तुम्ही दिसत नाही, आणि जो दिसत नाही त्याच्यावर नेम धरता येत नाही. मग दुसरा कोपरा, तिसरा. बाहेर आल्यावर गेटसमोर घोळका करून उभं राहू नका. आणि आत येणाऱ्याला अडवा. पाठीमागनं पोराला डबा घेऊन येणारी आई, औषध आणायला गेलेला नातेवाईक, यांना काहीच माहीत नसतं.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटी स्टेशनवर विष्णू झेंडे नावाचे उद्घोषक होते. गाड्यांच्या वेळा सांगणारा माणूस. हॉलमध्ये गोळीबार चालू असताना ते केबिनमधनं माइकवर प्रवाशांना स्टेशन सोडायला, मागच्या बाजूनं बाहेर पडायला सांगत राहिले. त्यांच्या हातात शस्त्र नव्हतं, माइक होता. तुमच्या इमारतीत स्पीकर असेल तर तो कोण चालवतो आणि त्यावर काय बोलायचं, हे आजच ठरवा. "कोड अमुक, कोड तमुक" नको. साधं मराठी: "पुढच्या गेटवर गोळीबार चालू आहे, मागच्या जिन्यानं बाहेर पडा."

गर्दीत असाल तर

हे मी वेगळं काढतो, कारण गोळी नसतानाही नुसती गर्दी माणसं मारते. २००५ च्या २५ जानेवारीला वाई तालुक्यात मांढरदेवीच्या काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली आणि जवळपास तीनशे माणसं गेली. तिथं कुणी गोळी झाडली नव्हती. जत्रेत, गणपतीच्या मिरवणुकीत, कुस्तीच्या मैदानात, प्रचारसभेत "गोळीबार! गोळीबार!" असा नुसता ओरडा झाला तरी तेवढाच घात होऊ शकतो.

म्हणून गर्दीत असताना ओरडू नका. दोन्ही हात कोपरात वाकवून छातीपुढं धरा, म्हणजे चेंगराल तेव्हा श्वासाला जागा राहील. लोंढ्याच्या विरुद्ध जाऊ नका आणि लोंढ्याबरोबर वाहतही जाऊ नका. तिरकं सरकत कडेला या, दुकानाच्या पायरीवर, ट्रॅक्टरच्या मागं, कुठंही. खाली वाकून काही उचलू नका. पडलात तर कुशीवर वळा, गुडघे पोटाशी, हात डोक्यावर, आणि पहिली फट मिळताच उठा. पोर बरोबर असेल तर हाताला धरू नका, उचलून छातीशी धरा.

मंगल कार्यालयात नव्यानं लागलेल्यांना एक जादा सूचना. वरातीत हौसेनं हवेत गोळी झाडणारे पाव्हणे अजून आहेत. वर गेलेली गोळी खाली येतेच. २०१९ पासून कायद्यात यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. परवाना असला तरीही. हे बुकिंगच्या वेळीच नवरदेवाच्या मामांना सांगा, वरात दारात आल्यावर नको.

लपा, पण आडोसा बघून

बाहेर पडता येत नसेल तर लपा. इथं दोन गोष्टींत लोक गल्लत करतात. एक आडोसा नुसता दिसू देत नाही, दुसरा गोळी अडवतो. पडदा, प्लायचं काउंटर, जिप्समचं पार्टिशन, काच, पातळ पत्र्याचं कपाट, यांच्यामागं तुम्ही दिसत नाही, पण गोळी आरपार येते. आरसीसीचा खांब, विटांची नऊ इंची भिंत, जुन्या वाड्याचं काळ्या दगडाचं जोतं, हे खरं. हल्लीची ऑफिसं बघितली की मला वाड्यांची आठवण येते. नुसती कचकड्याची कामं. गाडीमागं लपायचं झालं तर दरवाजामागं नको, इंजिन आणि पुढच्या चाकामागं बसा.

भिंतीला अगदी पाठ चिकटवून बसू नका. तिरकी लागलेली गोळी भिंतीच्या कडेकडेनं घसरत येते. हातभर सुटून, खाली.

खोलीत गेल्यावर पहिलं काम दार. जुन्या घरांना अडसर असायचा, आडवं लाकूड दोन्हीकडच्या भोकांत घातलं की हत्तीनं धडक दिली तरी दार हलायचं नाही. आता तकलादू लॅच असतात. दार आत उघडत असेल तर खाली पाचर मारा. सुताराकडनं लाकडाच्या चार पाचरी करून घ्या आणि प्रत्येक खोलीत दारामागं खिळ्याला टांगा. माझ्या मते सगळ्या तयारीत हीच सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची वस्तू. वर टेबल, कपाट, पलंग रेटा. दार बाहेर उघडत असेल तर पाचरीचा उपयोग नाही. मग हँडलला ओढणी किंवा पट्टा बांधून खिडकीच्या गजाला आवळा.

२००७ च्या १६ एप्रिलला अमेरिकेत व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ३२ जणांचा बळी गेला. तिथल्या एका वर्गातल्या मुलांनी मोठं टेबल दाराला लावून रेटून धरलं. हल्लेखोरानं दार ढकललं, दारातनं गोळ्या झाडल्या, पण त्याला आत येता आलं नाही आणि त्या वर्गात कुणालाही गोळी लागली नाही. म्हणून दार रेटतानाही समोर उभं राहायचं नाही. खाली बसून, बाजूनं.

दिवे बंद. फोन सायलेंटवर, आणि थरथर सुद्धा बंद; स्टीलच्या टेबलावर थरथरणारा फोन शेजारच्या खोलीत ऐकू येतो. कुणी दार वाजवून "उघडा, पोलीस" म्हटलं तरी लगेच उघडू नका. ११२ ला, म्हणजे पोलिसांच्या तातडीच्या नंबरला, फोन करून खात्री करा.

हे सगळं एका माणसानं कसं करून दाखवलं ते सांगतो. त्याच २६/११ च्या रात्री मुंबईच्या कामा हॉस्पिटलमध्ये अंजली कुलथे या परिचारिका ड्युटीवर होत्या. त्यांच्या वॉर्डात २० गरोदर बाया. खाली गोळ्या झाडत दोघे आत शिरल्याचं त्यांनी पाहिलं. त्यांनी वॉर्डाची दारं लावली, सगळ्या बायांना टोकाच्या पँट्रीत नेलं, दिवे घालवले. त्यातली एक बाळंत व्हायच्या बेतात होती, तिला भिंतीच्या कडेकडेनं प्रसूतिगृहात पोहोचवलं. सगळ्या बाया वाचल्या. नव्या नर्सताईंनो, वॉर्डात तुमची पँट्री कुठं आहे, तिला आतनं कडी आहे का, एवढं आज रात्री बघून ठेवा.

झुंज

पळायला वाट नाही, लपायला जागा नाही आणि तो खोलीत समोर आलाय. तेव्हाच. एकट्यानं नाही, सगळ्यांनी एकदम. अग्निशामक नळकांडं तोंडावर फवारा आणि मग तेच हाणा. खुर्ची, सलाइनचा स्टँड, गरम चहाचं भांडं. एकानं बंदुकीचा हात जमिनीकडं दाबायचा, बाकीच्यांनी पाय ओढायचे. एकदा सुरुवात केली की अर्ध्यावर सोडायचं नाही. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या जिवासाठी केलेला प्रतिकार कायद्याला मान्य आहे. भारतीय न्याय संहितेत खासगी संरक्षणाचा हक्क कलम ३४ पासून दिलाय.

इथं कुणीतरी हमखास तुकाराम ओंबळ्यांचं नाव काढतो. काढणारच, जावळी तालुक्यातल्या केडंब्याचा माणूस, आमच्या जिल्ह्याचा. गिरगाव चौपाटीवर हातात लाठी असताना त्यांनी कसाबच्या एके-४७ ची नळी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि सोडली नाही. अशोकचक्र मिळालं. पण पोरांनो, नीट बघा. ते पोलीस होते, नाकाबंदीच्या ड्युटीवर होते, शेजारी त्यांची टीम होती आणि त्यांनी धरून ठेवल्यामुळं टीमला तो जिवंत पकडता आला. ते दोन हातांच्या अंतरावर होते. पन्नास पावलांवरनं धावत जाऊन कुणी बंदूक हिसकावून घेत नाही.

दरोडा असेल तर वागणं वेगळं

सराफाकडं आणि पतसंस्थेत लागलेल्यांनी हे वेगळं लक्षात ठेवावं. दरोडेखोराला माल हवा असतो, तुमचा जीव नको असतो. त्याला माल द्या. हात दिसतील असे ठेवा, किल्ली काढायला खिशात हात घालायच्या आधी तसं सांगा, त्याच्या डोळ्यात रोखून बघू नका. बूट, हाताची गोंदणं, बोलीचा हेल, पळाले ती दिशा, एवढं लक्षात ठेवा. पाठलाग करू नका. सोन्याचा विमा असतो. दुनळीवाल्या रक्षकानं दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं असताना छर्ऱ्याची बंदूक आत चालवायची नाही, छर्रे पसरतात.

पण त्यानं माल न बघता माणसं मारायला सुरुवात केली, की दरोड्याचे नियम संपले. परत पहिल्यापासून: पळा.

११२

सुरक्षित झालात की ११२. फोन उचलणारा तुमच्या गावचा असेलच असं नाही, त्यामुळं "राजवाड्याजवळ" किंवा "गणपती मंदिरामागं" एवढ्यानं भागत नाही. आधी जिल्हा आणि शहर, मग इमारत, मजला, कुठलं गेट. मग किती जण, कसली हत्यारं, अंगावर काय कपडे, शेवटचे कुठं दिसले, जखमी किती. बोलता येत नसेल तर फोन चालू ठेवून खाली ठेवा, पलीकडचा ऐकेल. पूर्ण पत्ता कागदावर लिहून प्रत्येक टेलिफोनशेजारी चिकटवा. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या ऑफिसचा पत्ता आठवत नाही, हे मी सरावात पाहिलंय.

पोलीस आले की धावत जाऊन त्यांच्या गळ्यात पडू नका. हात वर, बोटं पसरलेली, हातात फोनसुद्धा नको. ते जखमी माणसाला ओलांडून पुढं जातील. राग मानू नका, आधी बंदूक थांबवणं हे त्यांचं काम. तुम्हालाही खाली बसवतील, झडती घेतील. गणवेशातल्या रक्षकांनो, तुमच्या हातात बंदूक दिसली तर त्यांना तुम्ही कोण ते कळणार नाही. ती जमिनीवर ठेवा आणि तिच्यापासून लांब व्हा.

रक्त थांबवणं

मोठी रक्तवाहिनी फुटली तर माणूस पाच मिनिटांत किंवा त्याच्याही आधी जाऊ शकतो. ॲम्ब्युलन्सची वाट बघण्याइतका वेळ नसतो. १०८ ला फोन दुसऱ्याला करायला सांगा आणि तुम्ही जखमेवर हात ठेवा. स्वच्छ कापड, टॉवेल, ओढणी, जे असेल ते. सगळं वजन टाकून दाबा आणि उघडून बघू नका. रक्त भिजून वर आलं तर त्याच्यावर दुसरं कापड ठेवून दाबा. जांघेत किंवा काखेत खोल जखम असेल तर कापड आत कोंबून दाबावं लागतं. छातीत आणि पोटात मात्र काही कोंबायचं नाही. छातीत गोळी लागलेल्याला टेकून अर्धवट बसवा.

हातापायातलं रक्त दाबूनही थांबत नसेल तर जखमेच्या वर, चार बोटं अंतर सोडून, रुंद पट्टी आवळून बांधा, सांध्यावर नको, गाठीत लाटणं किंवा पाना घालून पिरगळा, रक्त थांबेपर्यंत. दुखेल, तो ओरडेल. बांधल्याची वेळ त्याच्या हातावर पेनानं लिहा आणि ती पट्टी डॉक्टरशिवाय कुणी सोडू नका. हळद, कॉफी पावडर, काही भरू नका. सांगलीत हळद चिकार असली तरी.

"पोलीस केस आहे, आधी पोलीस आणा" असं कुठल्या दवाखान्यात म्हणाले तर ऐकून घेऊ नका. परमानंद कटारा खटल्यात सुप्रीम कोर्टानं १९८९ मध्येच सांगून ठेवलंय की जीव वाचवणं आधी, कागद नंतर, आणि ते सरकारी-खासगी दोघांनाही लागू आहे. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, सांगली भागात सांगली-मिरजेची सरकारी रुग्णालयं, ही वाट आधीच माहीत असू द्या.

आधी कळतं का?

बऱ्याचदा कळतं. अमेरिकेत शाळांवरच्या ३७ हल्ल्यांचा अभ्यास २००२ मध्ये निघाला, त्यात ८१ टक्के ठिकाणी निदान एका माणसाला तरी हल्लेखोराच्या मनात काय आहे ते आधी माहीत होतं. आपल्याकडं तर स्टेटसला ठेवतात. कट्टा हातात घेऊन फोटो, खाली "भाऊचा नाद नाय करायचा". त्यातले शंभरात नव्व्याण्णव नुसते दिखाऊ असतील. पण कामावरनं काढलेला माणूस गेटवर येऊन नाव घेऊन, वेळ सांगून "बघून घेतो" म्हणाला, तर ती तक्रार रजिस्टरला तारखेसह लिहा, सुपरवायझरला द्या, पोलीस ठाण्यात अर्ज द्या. गेटवरच्या माणसाला त्याचा फोटो दाखवून ठेवा. गावचा आहे, ओळखीचा आहे, घरच्यांना वाईट वाटेल, असं म्हणून गप्प बसू नका.

सराव

सहा महिन्यांतनं एकदा. आधी जवळच्या पोलीस ठाण्याला कळवा, पेशंट आणि गिऱ्हाइकांना सांगा. खोटी बंदूक, फटाके, तोंडाला फडकी बांधलेली पोरं, असली नाटकं करू नका; एका कार्यालयात हौसेनं केलं आणि एक बाई चक्कर येऊन पडल्या, शिवाय बघ्यांनी खऱ्या गोळीबाराचा व्हिडिओ म्हणून तो गावभर फिरवला. अशी अफवा पसरवणाऱ्यावर गुन्हा होऊ शकतो. शिट्टी वाजवा, कुठलं दार बंद धरायचं ते सांगा, आणि घड्याळ लावा. एकदा पळायचं, एकदा लपायचं.

खरंच काही घडून गेलं असेल तर पुढचे काही आठवडे झोप उडते, आवाजाला दचकायला होतं. पलटणीतल्या माणसांनाही होतं, मलाही झालंय. १४४१६ हा टेलिमानसचा, मनाच्या त्रासासाठीचा सरकारी फोन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

त्या दवाखान्यात दुसरा सराव घेतला तेव्हा मागच्या जिन्याची साखळी काढलेली होती आणि आतनं सरकणारी कडी बसवलेली होती. मालक स्वतः खाली उभे होते. पहिल्या रांगेत नवी लागलेली रिसेप्शनिस्ट, तिच्या पुढं मावशी. बोळाच्या तोंडाशी कुणीतरी बुलेट लावली होती. ती कुणाची ते विचारायला मी वर गेलो.